चतुर्थीचे प्रत्यय आणि माझा घरखर्च



‘मी कॉपीरायटर आहे’ म्हटलं की लोकांना पुस्तकांचे हक्क आठवतात. ते कॉपीराइट. मी जाहिराती, वेबसाइट, मोबाइल ॲप, पाकिटं यांवरचा मराठी मजकूर लिहिते. नोकरी नाही, ऑफिस नाही. गिऱ्हाईक इंटरनेटवर शोधायचं.

सुरुवातीला अपवर्कवर होते. तिथे एकेका कामावर ढीगभर लोक तुटून पडतात. अर्ज करायलाही पैसे, मिळालेल्या मेहनतान्यातूनही कपात, आणि मराठी म्हणजे शब्दामागे काही पैसे देऊन करून घ्यायचं भाषांतर, अशी समजूत. वर्षभरात मी तिथून निघाले.

मग वेगळा मार्ग धरला. एखाद्या ॲपवर ‘माझी मदत करा’ असं बटण दिसतं. हे ‘मेरी मदद करो’ आहे. मराठीत आपण ‘मला मदत करा’ म्हणतो. आठवा, बाईंनी पाठ करून घेतलेली चतुर्थी: स, ला, ते, स, ला, ना, ते! तेव्हा कंटाळा यायचा. आज त्याच ‘ला’वर माझं घर चालतं. मी त्या पडद्याचा फोटो काढते, खाली दुरुस्त ओळ आणि कारण लिहिते आणि कंपनीत हे काम पाहणाऱ्या माणसाला लिंक्डइनवर पाठवते. फक्त तीन ओळी. पूर्ण नमुना फुकट देत नाही. बहुतेक जण उत्तर देत नाहीत, देतात ते टिकतात.

पैशांचं सांगते, कारण आपल्यातल्या काहींची मुलं याच वाटेवर आहेत. निम्मी रक्कम आधी घ्यायची. उद्यम नोंदणी करायची, ती मोफत असते. 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. एका कंपनीने सात महिने झुलवलं. पत्रात हे कलम घातल्यावर दहा दिवसांत पैसे आले.

2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. काही महिन्यांनी माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणालं, ‘आता मजकूर यंत्र लिहील, तुम्ही फक्त तपासा, दर एक तृतीयांश.’ तो मजकूर दुरुस्त करायला नव्याने लिहिण्याहून जास्त वेळ लागत होता. मी नाही म्हटलं. काम गेलं. दोन महिने साठवणीवर काढले. घरी बोलणी बसली ती वेगळीच.

तिसऱ्या महिन्यात बियाण्यांच्या एका कंपनीचा फोन आला. त्यांच्या पाकिटावर यंत्राने ‘बियाणे उपचार’ छापून दिलं होतं. शेतकरी ‘बीजप्रक्रिया’ म्हणतो. आता त्यांची सगळी पाकिटं माझ्याकडे आहेत. हे किती दिवस चालेल, सांगता येत नाही. यंत्रही शिकतंय.

तुमच्यापैकी कुणाच्या दुकानाच्या, दवाखान्याच्या, हॉटेलच्या मराठीबद्दल शंका असेल तर जेवणाच्या सुट्टीत दाखवा. पहिल्या तीन ओळी फुकट. चौथीपासून बिल लागेल, बॅचमेट असलात तरी.