अनुबोधपटाचे इमान

कथापटातील सारे रचलेले असते, हे ठाऊक असूनही प्रेक्षक त्यात रमतो. अनुबोधपटाची गोष्ट निराळी. तेथे दिसते ते खरे, अशा भरवशाने तो पडद्यासमोर बसतो. त्या भरवशाला जागणे, हा या कलेचा पाया होय.

तिला प्रथम लागते ती पाहण्याची चिकाटी. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरून रोज त्याचे एकेक चित्र घेतले. ती चित्रे पडद्यावर सलग धावू लागताच घडीभरात रोप वाढताना दिसले. येथे काळ आखडला, पण रोपाविषयी खोटे काही सांगितले गेले नाही.

दिग्दर्शकाचा मोह मात्र येथेच थांबत नाही. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा इन्युइट लोकांवरील ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ हा पट १९२२ मध्ये प्रदर्शित झाला. बर्फाच्या घरात उजेड पुरेना, म्हणून त्यांनी एका बाजूने उघडे घर बांधवून घेतले. ही अडचणीतून काढलेली वाट म्हणता येईल. परंतु त्या काळी बंदूक वापरणारे शिकारी पडद्यावर जुन्याच हत्यारांनिशी वावरले, आणि नायकाचे म्हणून दाखविलेले कुटुंबही त्याचे नव्हते. पट अविस्मरणीय ठरला, तसाच तो आक्षेपही त्याला कायमचा चिकटला.

समजा, एखाद्या विणकरावर अनुबोधपट काढावयाचा आहे. कॅमेरा लावण्यापूर्वी काही दिवस त्याच्या मागापाशी नुसते बसावे. कोणत्या वेळी खिडकीतून ऊन येते, धागा तुटला की त्याची बोटे काय करतात, हे आधी कळले पाहिजे. मागाची खटखट ऐकू येऊ द्यावी. डोळ्यांना दिसते तेच निवेदकाने पुन्हा सांगू नये. एका लुगड्यामागे हाती काय उरते, हे चित्रात दिसत नाही. ते निवेदनाने सांगावे.

खरी कसोटी संकलनाच्या वेळी लागते. मुलाच्या खोडीवर विणकर हसला असेल आणि ते हसू मजुरीच्या प्रश्नापुढे जोडले, तर कष्टी माणूस समाधानी ठरतो. चित्र खरे, हसूही खरे; तरी सांगितलेली गोष्ट खोटी!

म्हणून तयार झालेला पट प्रथम त्या विणकरालाच दाखवावा. मंडळी सामान बांधून निघून जातात. त्याला मात्र त्याच गल्लीत, त्याच शेजाऱ्यांत राहावयाचे असते.