नांगर, तोफ आणि कर्ज

हॅरी ट्रुमन हे नाव घेतलं की आपल्याला ऑगस्ट १९४५ आठवतो. हिरोशिमा आणि नागासाकी आठवतात. तो निर्णय योग्य होता की अयोग्य, हा वाद अजून मिटलेला नाही आणि आज मी त्यात शिरणार नाही. श्रोतेहो, आज मला बोलायचं आहे ते अमेरिकेच्या या अध्यक्षांच्या आधीच्या आयुष्याबद्दल. तेव्हा ते मिसुरी राज्यातले एक कर्जबाजारी शेतकरी होते आणि नंतर पहिल्या महायुद्धातले सैनिक.

ट्रुमन यांचा जन्म १८८४ चा. वडिलांनी १९०१ च्या सुमारास धान्याच्या वायदेबाजारात होतं नव्हतं ते घालवलं, आणि मुलाचं कॉलेज राहून गेलं. हॅरी कॅन्सस सिटीत बँकेत कारकून झाले. नोकरी बरी चालली होती. पण १९०६ मध्ये वडिलांनी बोलावलं आणि बावीस वर्षांचा हा जाड चष्म्याचा तरुण ग्रँडव्ह्यू गावाजवळच्या आजीच्या शेतावर परतला. पुढची अकरा वर्षं त्यांनी शेती केली.

शेत होतं सुमारे सहाशे एकरांचं. तीन चाकांवरचा दोन फाळांचा नांगर, त्याला चार घोडी किंवा खेचरं जुंपलेली. वडील मोठे कडक. पेरणीत तास वाकडं गेलं किंवा मध्ये जागा मोकळी राहिली, तर वर्षभर बोलणी खावी लागत. गहू, मका, ओट आणि क्लोव्हरचं गवत अशी पिकांची फेरपालट हॅरी करत. ओघळी पडल्या की तिथे पेंढ्याचे गठ्ठे टाकून माती अडवत. एकदा वासराने धडक दिली आणि पाय मोडला.

सहाशे एकर म्हणजे गडगंज श्रीमंती, असं आपल्याला वाटेल. तसं नव्हतं. १९०९ मध्ये आजी वारली. मृत्युपत्रात जमीन ट्रुमन यांची आई आणि अविवाहित मामा यांच्याच नावे होती. बाकीची भावंडं कोर्टात गेली. पुढे तडजोड झाली, पण वकिलांची बिलं आणि नातेवाइकांचे पैसे भागवता भागवता जमीन गहाण पडली. ही कहाणी आपल्याला काही परकी वाटायला नको! १९१४ मध्ये वडील गेले आणि त्यांचं देणंही मुलाच्या गळ्यात आलं. ते फिटावं म्हणून ट्रुमन यांनी शेजारच्या ओक्लाहोमात जस्ताच्या खाणीत पैसे घातले. ती खाणही बुडाली.

बेस वॉलेस या मुलीवर त्यांचं शाळेपासून प्रेम. १९११ मध्ये पत्रातून लग्नाची मागणी घातली, ती तिने नाकारली. ते पत्रं लिहीतच राहिले. पेरणी, पाऊस, डुकरं, देणी असं सगळं त्या पत्रांत आहे. लग्न झालं ते १९१९ मध्ये.

मधल्या काळात युद्ध आलं. १९१७ मध्ये ट्रुमन तेहतीस वर्षांचे होते. सक्तीच्या भरतीचं वय उलटलेलं, डोळे अधू, शिवाय शेतकरी. घरी बसले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं. पण शेत आई आणि बहिणीवर सोपवून ते तोफखान्यात दाखल झाले. जुलै १९१८ मध्ये फ्रान्समध्ये त्यांच्याकडे ‘बॅटरी डी’ची कमान आली. दोनशेच्या आसपास जवान, बहुतेक कॅन्सस सिटीतले आयरिश कॅथलिक, शिस्तीला न जुमानणारे.

ऑगस्टच्या अखेरीस व्होज पर्वतात एका रात्री जर्मन तोफांचा मारा सुरू झाला आणि माणसं पळत सुटली. ट्रुमन यांचा घोडा खड्ड्यात कोसळला होता. ते त्यातून बाहेर आले, जागेवर उभे राहिले आणि अशा काही शिव्या हासडल्या की पळणारे परत फिरले. पुढे सप्टेंबरात म्यूज-आर्गॉनच्या लढाईत त्यांना एक जर्मन तोफखाना शेजारच्या अमेरिकन डिव्हिजनवर मारा करण्याच्या तयारीत दिसला. आपल्या हद्दीबाहेर गोळीबार करू नये, असा हुकूम होता. ट्रुमन यांनी तोफा डागल्या. कर्नलनी कोर्ट मार्शलची तंबी दिली, प्रत्यक्षात काही झालं नाही.

परत आल्यावर त्यांनी सैन्यातल्या एका मित्राबरोबर कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचं दुकान काढलं. १९२२ च्या मंदीत तेही बुडालं. ट्रुमन यांनी दिवाळं जाहीर केलं नाही. अनेक वर्षं ते देणं फेडत राहिले. त्याच वर्षी जुने सैनिक सोबती आणि कॅन्सस सिटीतल्या एका बदनाम राजकीय गटाच्या पाठिंब्यावर ते जिल्ह्याच्या कारभारात निवडून आले. पद न्यायाधीशाचं म्हणायचं, पण काम रस्ते-पुलांचं, आपल्या जिल्हा परिषदेसारखं. तिथून १९३४ मध्ये ते सिनेटमध्ये गेले.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ऑगस्ट १९४० मध्ये, ट्रुमन सिनेटर असताना, ते शेत कर्जापायी लिलावात गेलं. सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या आईला चंबूगबाळं आवरून गावातल्या छोट्या घरात जावं लागलं. मुलगा देशाच्या राजधानीत बसलेला, पण आईची जमीन काही त्याला वाचवता आली नाही. पुढे मित्रांनी शेताचा काही भाग परत मिळवून दिला, तो नंतर.

कर्ज म्हणजे आळशीपणा किंवा बेहिशेबीपणा, असं आपण सहज बोलून जातो. इथे अकरा वर्षं पहाटे उठून राबणारा, पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस होता. तरीही जमीन गेली. म्हणून १९४८ च्या निवडणुकीत आयोवातल्या डेक्स्टर गावी नांगरणी स्पर्धेला जमलेल्या हजारो शेतकऱ्यांपुढे ते धान्याच्या कोठारांबद्दल आणि भावाबद्दल बोलले, तेव्हा त्यांना ते पटलं असावं. आयोवा राज्य त्यांनी जिंकलं आणि निवडणूकही.

२० जानेवारी १९४९ रोजी शपथविधीची मिरवणूक निघाली. अध्यक्षांच्या मोटारीच्या दोन्ही बाजूंनी बॅटरी डीचे जुने जवान चालत होते. ग्रँडव्ह्यूचं ते शेतघर आज राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेलं आहे. आसपासच्या शेतजमिनीवर मात्र दुकानं उभी आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)