मेनापो सांभाळणारं गाव

  

इंडोनेशिया म्हटलं की आपल्या फोनवर काय येतं? बाली. भातखाचरांवरचा तो झोपाळा, फुलं टाकलेला स्विमिंग पूल आणि कुणाच्या तरी हनिमूनची रील. मीसुद्धा तेवढ्याच तयारीनं सुट्टी टाकली होती. पण जकार्तातला माझा एक दोस्त म्हणाला, बाली कुठे पळून जातेय, तू आधी जांबीला जा. जांबी हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आणि जांबीच्या पुढे नदीकाठी एक गाव आहे, मुआरा जांबी. आजचा भाग त्या गावाचा.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणूया. सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला डोंगर आहेत आणि पूर्वेला सखल, पाणथळ मुलूख. त्या डोंगरांतून निघून पूर्वेच्या समुद्राकडे जाते बातांगहारी, सुमात्रातली सगळ्यात लांब नदी, जवळजवळ ८०० किलोमीटर. जांबी शहर तिच्याच काठावर, आणि शहरापासून साधारण २६ किलोमीटरवर हे गाव. तिकडे गावाला 'देसा' म्हणतात. बरोबर ओळखलंत, आपला 'देश' हा शब्दच संस्कृतातून तिकडे गेला आणि गाव झाला.

रस्त्यानं जाता येतं, पण मी नावेनं गेले. तिथल्या इंजिनाच्या लहान लाकडी नावेला 'केतेक' म्हणतात. आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. काठावर उंच खांबांवर उभी असलेली लाकडी घरं दिसायला लागली. वर माणसं राहतात, खाली मोटारसायकल, सरपण, उलटी करून ठेवलेली नाव. पावसाळ्यात बातांगहारी अंगणात येते, म्हणून ही उंची. पूर येणार हे इथे गृहीतच धरलेलं आहे.

दुपारी एका टपरीवजा खाणावळीत जेवले. चालवणाऱ्या बाईंना मी 'इबू' म्हणायला लागले. इबू म्हणजे आई, मोठ्या बाईला तिकडे असंच हाकारतात. ताटात नदीतला पातिन मासा होता आणि रस्सा तेंपोयाकचा. तेंपोयाक म्हणजे आंबवलेला दुरियान. दुरियानच्या वासाबद्दल तुम्ही ऐकलंच असेल, त्यात तो आंबवलेला! पहिला घास मी श्वास रोखून घेतला. तिसऱ्या घासाला भात मागून घेतला. आंबट, तिखट, जरासा गोड. इबू हसत होत्या.

संध्याकाळी भाड्याची सायकल काढली आणि गावामागच्या बागांमध्ये शिरले. दुरियानची उंच झाडं, दुकू नावाच्या पिवळट गोड फळाची झाडं, मधेच कोको. सोबत सायकलवाल्याकडचा एक विशीतला पोरगा होता. एका ठिकाणी तो थांबला आणि एका टेकाडाकडे बोट दाखवलं. पुरुषभर उंच, वर झाडं, पालापाचोळा. मी म्हटलं, काय आहे? त्यानं पायानं पाचोळा सरकवला. खाली लाल विटा. हाताच्या विटा, हजारएक वर्षांपूर्वीच्या.

याला तिथले लोक 'मेनापो' म्हणतात. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या जागेला 'पांढरीचं टेकाड' म्हणतात ना, तसाच हा गावकऱ्यांचा शब्द. पुरातत्त्ववाल्यांनी तोच उचलला. अशी ऐंशीहून जास्त मेनापो या परिसरात आहेत आणि त्यातली मोजकीच उकरून नीट उभी केलेली आहेत. एकेका टेकाडाखाली एकेक बौद्ध मंदिर किंवा विहार.

हे सगळं आहे तरी काय? नदीला धरून साडेसात किलोमीटर पसरलेला हा मंदिरांचा आणि विहारांचा परिसर आहे. साधारण सातव्या शतकापासून तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत इथे वर्दळ होती. मंदिरं एकमेकांना आणि नदीला जोडणारे कालवे आहेत. म्हणजे तेव्हाची माणसंही नावेनंच यायची. राजाचं तळं आहे, तेलागो राजो. 'तेलागो' म्हणजे आपला तडाग, आणि राजो म्हणजे राजा. जांबीच्या बोलीत शेवटच्या 'आ'चा 'ओ' होतो, एवढाच फरक.

गुंपुंग नावाच्या मंदिरात सोन्याचे छोटे पत्रे सापडले, त्यांवर देवतांची नावं कोरलेली. तिथेच प्रज्ञापारमितेची दगडी मूर्ती सापडली. प्रज्ञापारमिता म्हणजे शहाणपणाची देवी. मूर्तीला डोकं नाही. तिथल्या छोट्या संग्रहालयात मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते. वस्त्राची एकेक चुणी स्पष्ट दिसते. चेहरा नसूनही ती शांत बसलीय हे कळतं.

आता आपला संबंध. सन ६७१ मध्ये इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू समुद्रमार्गे भारतात यायला निघाला. वाटेत तो सुमात्रात थांबला, संस्कृत व्याकरण शिकला, मग 'मलायु' इथे दोन महिने राहिला आणि नंतर नालंदेला गेला. मलायु म्हणजे हाच जांबीचा मुलूख, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानं चिनी भिक्षूंना सल्ला काय दिला? भारतात जाण्याआधी सुमात्रात एक-दोन वर्षं राहा, तयारी करा, मग पुढे जा. थोडक्यात, फाउंडेशन कोर्स सुमात्रात!

आणि हा रस्ता एकेरी नव्हता. साधारण ८६० सालचा एक ताम्रपट नालंदेला सापडलाय. सुवर्णद्वीपाच्या राजानं, म्हणजे बालपुत्रदेवानं, नालंदेत विहार बांधला आणि त्याच्या खर्चासाठी पाल राजा देवपालानं पाच गावांचं उत्पन्न लावून दिलं. पुढे अकराव्या शतकात बंगालचा अतिश शिकायला सुवर्णद्वीपाला गेला, धर्मकीर्ती नावाच्या गुरूकडे बारा वर्षं राहिला आणि नंतर तिबेटात जाऊन मोठा आचार्य झाला. भारतातला विद्वान शिकायला सुमात्रात जातो! शाळेत आपल्याला 'भारतातून संस्कृती बाहेर गेली' एवढंच शिकवतात. परतीचं तिकीट कुणी दाखवतच नाही.

पुढे वर्दळ संपली, रान वाढलं. १८२० च्या दशकात एका इंग्रज अधिकाऱ्यानं इथल्या अवशेषांची नोंद केली आणि नीट जीर्णोद्धार सुरू झाला तो १९७० च्या दशकात. मग मधली सगळी शतकं हे कुणी सांभाळलं?

गावानं. आणि गाव मुसलमान आहे, पिढ्यानपिढ्या. माझ्याबरोबरचा तो पोरगा नमाजाच्या वेळी सायकल लावून गेला आणि परत येऊन मला पुढचं मंदिर दाखवलं. त्याला मी विचारलं, ही तुमच्या धर्माची नाहीत, मग एवढं प्रेम कसं? त्याला प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाला, आजोबांच्या बागेत आहे, म्हणजे आमचंच ना. वैशाख पौर्णिमेला बौद्ध लोक इथे पूजेला येतात, तेव्हा गाव यजमान असतं.

यात एक साधी गोष्ट आहे. दुरियानचं झाड लावायला टेकाड फोडावं लागत नाही. मुळं विटांना धरून राहतात, वरून सावली, पाचोळा. बागेनं मेनापो झाकलं आणि मेनापोनं बागेला पुरात उंचवटा दिला. कुणी 'हेरिटेज' म्हणून सांभाळलं नाही. ते रोजच्या जगण्यात बसत होतं, म्हणून टिकलं.

आता त्रासाची गोष्ट. २०१३ मध्ये सरकारनं इथली ३,९८१ हेक्टर जमीन राष्ट्रीय वारसा क्षेत्र म्हणून जाहीर केली. त्याआधी २००९ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव गेलं होतं. पण नावेतून पलीकडचा काठ बघा. काळे डोंगर दिसतात. कोळसा. आतल्या खाणींतून येतो, काठावर साठवतात आणि बार्जमध्ये भरून समुद्राकडे नेतात. हे साठे वारसा क्षेत्राच्या आत आहेत. तिथल्या काही मेनापोंच्या तर सगळ्या बाजूंनी कोळसा आहे. पाम तेलाचा धंदाही आहेच. आणि नदीच्या वरच्या अंगाला बेकायदा सोनं काढतात, त्यासाठी पारा वापरतात. तो सगळा गाळ खाली वाहत येतो. बातांगहारीचं पाणी मला दुधाच्या चहासारखं दिसलं. इबू म्हणाल्या, लहानपणी आम्ही हेच पाणी प्यायचो. आता पिण्याचं पाणी विकत घेतात. आणि ताटातला पातिन? तो मात्र त्याच नदीचा.

मला हे परतताना जास्त लागलं. उद्या सगळी मंदिरं झकास उभी राहतील, तिकीटघर होईल, रील्स येतील. पण नदी गेली, बागा गेल्या आणि तो पोरगा कोळशाच्या यार्डात कामाला गेला, तर आजोबांची बाग म्हणून मेनापो ओळखणारं कोण उरेल? कुंपण विटा वाचवेल. पण पायानं पाचोळा सरकवून 'हे आमचं' म्हणणारा माणूस कुंपण तयार करत नाही. संरक्षण करायचं तर गावासकट करायला हवं. नदीसकट करायला हवं.

तर मंडळी, एक काम देते. तुमच्या गावाला फोन लावा. आजीला, काकांना विचारा, आपल्या शिवारात पांढरीचं टेकाड आहे का? त्याला काय म्हणतात? त्यावर आता काय आहे, बाभळी, क्रिकेटचं मैदान की मुरूम काढायचा खड्डा? उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात त्यातली काही ऐकवीन.

आणि हो, दुरियान कुठे मिळाला तर एकदा खाऊन बघा. श्वास रोखून. भेटूच!