हंगामापुरता करार

श्रोतेहो, पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात पाहुणा घरी आला, की मुलाची चौकशी एकाच प्रश्नाने होते, ‘पर्मनंट झाला का?’ कंत्राट संपल्यावर दुसऱ्या कंपनीच्या गेटवर उभे राहणे म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आज मी अशाच कंत्राटी कामाबद्दल बोलणार आहे. पण ते कारखान्यातले नाही, हॉकीच्या मैदानावरचे आहे.

दापोडीहून हॅरिस पूल ओलांडला, की पलीकडे खडकी. धनराज पिल्ले तिथला. जन्म १९६८ चा. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करीत आणि मुले मोडक्या स्टिकांवर खेळ शिकत. ऐंशीच्या दशकात धनराज थोरल्या भावाच्या मागोमाग मुंबईला गेला. तिथे महिंद्र अँड महिंद्रच्या संघाने त्याला घेतले. १९८९ मध्ये तो भारताकडून खेळू लागला. पुढे चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई क्रीडा स्पर्धा तो खेळला.

हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याची दुसरी कारकीर्द मात्र फारशी कुणी सांगत नाही. लंडनचा इंडियन जिमखाना, फ्रान्समधील ल्योन, जर्मनीतील स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातील क्लब, ढाक्याचा अबाहनी अशा कितीतरी संघांची जर्सी त्याने घातली. हंगाम आला की बॅग भरायची, हंगाम संपला की परतायचे. भारताच्या कर्णधारालाही हे करावे लागे, कारण त्या काळी आपल्याकडे हॉकीची व्यावसायिक लीगच नव्हती.

बरे, देशाच्या संघातली जागा तरी पक्की होती का? १९९८ मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनंतर आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर काही ज्येष्ठ खेळाडूंबरोबर तोच संघाबाहेर झाला!

पुढे लीग आल्या. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली आणि धनराज मराठा वॉरियर्सकडून खेळला. ती लीग २००८ मध्ये संपली. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग आली, तीही २०१७ नंतर थांबली. ती पुन्हा सुरू झाली २०२४ च्या डिसेंबरमध्ये, आणि त्या हंगामात पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. मधल्या वर्षांत ज्यांचे वय उमेदीचे होते, त्यांनी काय करायचे? धनराजला आधार होता तो नोकरीचा, आधी महिंद्रचा आणि मग इंडियन एअरलाइन्सचा. ती होती म्हणून परदेशी हंगामांची जोखीम पेलता आली.

पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंदांच्या नावाचे हॉकी स्टेडियम आहे. २०२१ ची पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा तिथेच झाली. अशा मैदानांवर मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलांना खेळू द्या, जीव ओतून खेळू द्या. पण लिलावातला आकडा हा पगार नव्हे, तो एका हंगामाचा करार आहे. रेल्वे, सेनादल, तेल कंपन्या आजही खेळाडू घेतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याची कागदपत्रे, प्रमाणपत्रे आणि शिक्षण वेळीच सांभाळा.

मुलगा किंवा मुलगी घामाघूम होऊन घरी आली, की ‘गोल किती केले?’ हे जरूर विचारा. ‘अभ्यास झाला का?’ हेही त्याच प्रेमाने विचारा. हंगाम संपतो, श्रोतेहो; आयुष्य पुढे चालूच राहते.