गिरणीगावात बिऱ्हाड
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि तीन तपे खेड्यातील मुलांना पाढे शिकविलेल्या मजसारख्या मास्तरास मंडळाने व्याख्यानास उभे केले, हा आपला लोभ होय. विद्वत्तेचा विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. म्हणून अनुभवातलाच विषय घेतो. २०१८ साली निवृत्त झाल्यावर मी सहकुटुंब सोलापुरास बिऱ्हाड केले. तेव्हापासून अनेकजण मला विचारतात, ‘गुरुजी, गिरण्या बंद पडलेल्या त्या गावात आता राहिले काय?’ यंदा या प्रश्नास विशेष महत्त्व आले आहे. मंडळाचे सोलापुरातील वसतिगृह विकावे व ती रक्कम पुण्यास जागा घेण्याकडे लावावी, अशी सूचना सभेपुढे आहे. तेव्हा मत देण्यापूर्वी त्या गावाची थोडी ओळख करून घेणे उचित ठरेल.

सोलापुरास आगगाडी १८६० साली आली. १८७४ साली शेठ मोरारजी गोकुळदास यांनी तेथे कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे लोक तिला ‘जुनी मिल’ म्हणू लागले. मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. पाऊस बेभरवशाचा, जमीन कोरडवाहू, आणि १८७६ ते १८७८ चा दुष्काळ तर दक्षिणेत प्रसिद्धच आहे. अशा मुलखात महिन्याच्या महिन्यास पगार देणारी गिरणी म्हणजे कामधेनूच वाटली असल्यास नवल नाही. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकाच्या बाजूने कानडी मंडळी आली, आसपासच्या खेड्यांतून मराठी कुणबी आले. मराठी, तेलुगू, कानडी व उर्दू या चार भाषा एकाच नळावर ऐकू याव्यात, असे हे गाव त्या वेळी घडले.

या घडणीची साक्ष इतिहासाने दिली आहे. मे १९३० मध्ये सरकारने येथे मार्शल लॉ पुकारला. त्या प्रकरणी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास चौघे फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही त्यांची नावे. ती एकापाठोपाठ एक उच्चारून पाहावीत. ज्ञातीच्या मेळाव्यात उभा राहून सांगतो की, ज्या गावाचे हुतात्मे असे आहेत, तेथे आपण राहावयास जाताना केवळ आपल्या गल्लीचे होऊन राहणे शोभणार नाही.

आता गिरण्या का बुडाल्या? जुनी मिल १९४९ सालीच एकदा बंद पडली. १९५० साली केंद्र सरकारने खास वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्यावरील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, व कायद्याच्या विद्यार्थ्यांस ते आजही अभ्यासावे लागतात. म्हणजे रोग जुना होता. यंत्रे जीर्ण झाली, नव्यांत पैसा घातला गेला नाही, आणि थोड्या भांडवलावर व कमी मजुरीवर चालणाऱ्या यंत्रमागांपुढे अवाढव्य गिरणीचा खर्च टिकेना. एकविसावे शतक उजाडेपर्यंत बड्या गिरण्यांचे दिवस सरले होते.

परंतु गिरणी बंद पडणे आणि गाव बंद पडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. कापडाची विद्या गावात राहिली. सोलापुरी चादरीस व टॉवेलास भौगोलिक मानांकन मिळाले. अलीकडे शाळांचे गणवेश शिवण्याचा धंदा वाढला आहे. गेली ती हमी. पाळी, पगार, फंड आणि म्हातारपणाचा आधार ही हमीची चौकट मोडली. आमच्या शेजारी एक वृद्ध साचेवाले राहतात. त्यांची गिरणी बंद झाल्यावर थकलेल्या रकमेसाठी त्यांना वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागले. मधल्या काळात घर चालले ते त्यांच्या पत्नीने वळलेल्या विड्यांवर. अशा विडीकामगार स्त्रिया सोलापुरात हजारोंनी आहेत. श्री. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे त्यांच्यासाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, तिचे वाटप २००६ साली झाले. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरातील पंधरा हजार घरे असंघटित कामगारांस मिळाली. गिरणीने सोडलेला संसार बायकांच्या बोटांनी सावरला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

जे राहावयास येऊ इच्छितात, त्यांना व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. पहिली, पाणी. भीमेवरील उजनी धरण एवढे मोठे, तरी मी आलो तेव्हा नळास चार दिवसांआड पाणी येई. म्हणून घर पाहताना दिवाणखाना मागाहून पाहावा, आधी टाकी पाहावी. दुसरी, कागदपत्रे. जमीन बिगरशेती आहे काय, बांधकामाची परवानगी आहे काय, हे स्वतः कचेरीत जाऊन तपासावे. ओळखीच्या माणसाच्या शब्दावर इसार देऊ नये. तिसरी, ऊन. वैशाखात दुपारी बाहेर पडणे वृद्धांस झेपत नाही. चौथी, शेजार. दोन शब्द तेलुगूचे व दोन कानडीचे शिकावेत. संक्रांतीस सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांना व नारळी पौर्णिमेस मार्कंडेयाच्या रथाला नमस्कार करण्यास बाहेर पडावे. म्हणजे अडीअडचणीस दार वाजविणारे कोणी तरी असते. या बदल्यात निवृत्तिवेतनात भागेल असे घरभाडे, दवाखाने हाताशी आणि गावाकडची जमीन तासा-दोन तासांवर, असा लाभ पदरी पडतो.

मात्र एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वृद्ध तेथे येतात, तरुण तेथून जातात. माझा मुलगाही पुण्यासच नोकरीस आहे. सोलापुरात पदवीधरास साजेसे काम व वेतन पुरेसे नाही, हे सत्य आहे. वसतिगृह विकावे म्हणणाऱ्यांचा मुद्दा हाच आहे, आणि तो पोकळ नाही.

परंतु तेथे आज राहते कोण, हे पाहा. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीकडील कोरडवाहू घरांतली मुले. २००४ साली सोलापुरात स्वतंत्र विद्यापीठ झाले, त्यामुळे त्यांना पदवीचे शिक्षण घराजवळ मिळू लागले. पुण्याचा खर्च ज्यास झेपतो, त्याचा बाप आपल्या मदतीवाचूनही मुलास तेथे धाडील. ज्यास झेपत नाही, त्याच्या घरी मुलाचे शिक्षण कसेबसे चालेल. पण मुलीचे निश्चित थांबेल. अडतीस वर्षे शाळेत मी हेच पाहिले आहे. गिरण्यांच्या मालकांनी नफ्याचा हिशेब केला आणि काढता पाय घेतला. आपण काही नफ्यासाठी मंडळ काढलेले नाही.

म्हणून माझी नम्र उपसूचना अशी की, वसतिगृह विकू नये. त्याचा तळमजला मुलींसाठी राखावा. आणि पुण्यास नोकरीस असलेल्या आपल्या तरुणांनी दरवर्षी प्रत्येकी एका विद्यार्थ्याचा खर्च उचलावा. पुण्यास जागा घेणे दोन वर्षे लांबले तरी फारसे बिघडणार नाही. शिक्षण सुटलेली मुलगी मात्र दोन वर्षांनी परत शाळेत येत नसते.

 निर्णय सभेचा आहे. तो घेताना त्या मुलींचे स्मरण असावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.