पट्टी गळ्याची की बोटांची?

(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'गायन, पेटीवादन व आवाजाची निगा' असा भारदस्त विषय छापला आहे. मी काही गवई नव्हे. आपल्या भजनी गटाची पेटी बावीस वर्षे माझ्यापुढे आहे, एवढाच माझा अधिकार. तेव्हा शास्त्र थोडे सांगेन आणि एक कबुली देईन.

या बावीस वर्षांपैकी वीस वर्षे आपण प्रत्येक भजन पांढरी एकमध्ये म्हटले. का म्हटले, हे कोणी विचारले नाही. मीही कोणाला सांगितले नाही. कारण असे, की लहानपणी मास्तरांनी मला पांढरी एकपासून सरगम बसवून दिली आणि पुढे माझे शिक्षण थांबले. पांढरी एकला षड्ज धरला की सगळे शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर ओळीने येतात, बोटांना विचार करावा लागत नाही. म्हणजे पट्टी माझ्या बोटांची होती, आणि गळे मात्र तुमचे होते.

आता याचा हिशेब पाहा. पुष्कळशा बायकांच्या गळ्याला काळी चार किंवा काळी पाच सोयीची पडते. काळी चारपासून वर मोजा : पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात, पांढरी एक. चार पायऱ्या झाल्या. खाली चार पायऱ्यांनी काय बिघडते, असे वाटेल. पण अंतरा वर गेला म्हणजे कळते. काळी चारच्या तार षड्जाला आपले स्वरतंतू सेकंदाला सुमारे ४१५ वेळा एकमेकांवर आपटतात. पांढरी एकच्या तार षड्जाला तेच ५२३ वेळा. आणि भजन काही तार षड्जावर थांबत नाही, गंधार-मध्यमापर्यंत धावते. तिथे आपण गात नव्हतो, ओरडत होतो. झांजांच्या गजरात ते खपून जात असे.

आपल्या गटात एक मावशी होत्या. त्यांचा मध्य सप्तकातला आवाज मधासारखा होता. अधिक महिन्यात सलग भजने झाली की त्यांचा गळा बसायचा. मग तो मोकळा व्हायला दोन दिवसांचे चार दिवस, चारांचे दहा दिवस लागू लागले. त्या एकदा मला म्हणाल्या, "अगं, जरा खाली घेतेस का?" मी म्हटले, "मावशी, खाली घेतले तर रंग चढत नाही." हे खोटे होते. मला खाली वाजवता येत नव्हते. पुढे त्या यायच्या बंद झाल्या. आम्ही आपापसांत म्हटले, वय झाले. वयाने बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो हे खरेच आहे. पण मग पट्टी उतरवायची की माणूस उतरवायचे?

मला शहाणपण आले ते माझाच आवाज गेला तेव्हा. तीन आठवडे घोगरेपणा हटेना. ज्येष्ठमध झाले, खडीसाखर झाली, हळदीचे दूध झाले. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिले. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर लहान गाठी आल्या होत्या. पायाला चप्पल घासून घट्टा पडावा तशा. ज्येष्ठमधाचे सांगितले तेव्हा ते हसले. गिळलेला पदार्थ स्वरतंतूंपर्यंत पोहोचतच नाही, तो अन्ननलिकेत जातो. चुकून तिकडे गेला तर ठसका लागतो. घशाला बरे वाटते इतकेच. स्वरतंतू ओले राहतात ते दिवसभर बेताबेताने प्यायलेल्या पाण्याने आणि वाफेने. माझ्या गाठी कोवळ्या होत्या, म्हणून शस्त्रक्रिया लागली नाही. बोलणे कमी करायचे, कुजबुजायचेही नाही, कारण कुजबुजण्यातही ताण पडतो. सारखे खाकरायचे नाही. आणि मिक्सर चालू असताना स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाका मारायच्या नाहीत. हे शेवटचे पथ्य सर्वांत कठीण गेले. (आमच्या घरी त्या दोन महिन्यांत एक पितळी घंटा आली, ती अजून आहे.)

ज्यांचे आवाज आपण डोक्यावर घेतो त्यांनाही हे चुकलेले नाही. अल्लादिया खाँसाहेबांचा (१८५५–१९४६) आवाज ऐन उमेदीत अतोनात गाण्याने बसला. तो जसा परत आला तसा घेऊन त्यांनी आपली गायकी नव्याने घडवली. गंगूबाई हनगल यांचा आवाज घशातील गाठींच्या शस्त्रक्रियेनंतर भारदस्त झाला. त्या त्याच आवाजात, त्याच खालच्या पट्टीत जन्मभर गायल्या. रंग चढत नाही, असे त्यांना कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही!

पेटीवर जुना आक्षेप आहे की तिचे स्वर ठोकळ्यासारखे, त्यांत मींड नाही. १९४० साली रेडिओने तिला बंदी केली, ती १९७१ साली सैल झाली. आक्षेप खरा आहे. पण आपल्यासारख्यांना पेटीचा त्रास निराळाच होतो. पेटी बदलत नाही म्हणून आपण गळा बदलतो.

तर आवाज परतल्यावर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी काळी चार शिकायला बसले. षड्ज काळी चार, रिषभ काळी पाच, गंधार पांढरी एक, मध्यम काळी एक, पंचम काळी दोन, धैवत पांढरी चार, निषाद पांढरी पाच. कागदावर लिहून पेटीवर चिकटवले. पहिले काही दिवस भूप वाजवताना भलतेच काही निघे. सुरुवातीला फक्त भूपच घ्यावा, पाचच स्वर आहेत. रोज वीस मिनिटे, आणि त्या वेळात तोंडाने गायचे नाही. बोटे चुकत असताना गाऊ लागले की गळाही आवळतो, हे मी अनुभवाने सांगते. स्केल चेंजरची पेटी घ्या, असे कोणी सुचवील. जरूर घ्या. मात्र ती महाग, जड, आणि देवळातली पेटी बहुधा साधीच असते.

आपली पट्टी अशी शोधा : सकाळी घाई नसताना 'आ'कार लावून हळूहळू खाली उतरत जा. जो स्वर शेवटपर्यंत स्वच्छ राहतो त्याला मंद्र पंचम समजा आणि पेटीवर पाच पायऱ्या वर या. तो तुमचा षड्ज. काळी दोनपाशी थांबलात तर काळी चार. सर्वांचा एक येणार नाही. तेव्हा गटात ज्यांचा सर्वांत खाली येईल त्यांच्याकडे थोडे झुकावे. आणखी एक. रियाजात गाण्याचा प्रत्येक स्वर पेटीवर वाजवू नका. षड्ज-पंचम धरा, भाता हलका ठेवा. पेटी मोठी वाजली की तिच्यावर कडी करायला गळा ताणला जातो.

गेल्या वर्षी मी ती पेटी घेऊन मावशींच्या घरी गेले. क्षमा मागायला शब्द सुचेनात, म्हणून काळी चारला षड्ज धरून बसले. त्या बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "निषाद चुकतोय तुझा." आणि गाऊन दाखवला.

त्या आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. आता होणारे भजन त्याच सांगणार आहेत. माझा निषाद अजून अधूनमधून चुकतो. तो चुकला तर त्या माझ्याकडे बघतील, तुम्ही बघू नका. कोणीतरी पेटी इकडे सरकवा पाहू.