उन्हात टिकणाऱ्या गाठी

वर्ध्याचा उन्हाळा वर्धेकरांना मी काय सांगावा? हवा ४५ अंशांवर गेली की काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर तापतो. साधे डांबर पन्नाशीच्या आसपासच मऊ पडते. मग हिंगणघाटच्या वाटेने मालाने लादलेले ट्रक धावले की रस्त्यावर चाकोऱ्या पडायच्याच.

यावर एक उपाय म्हणजे डांबरात शेकडा ३ ते ५ या प्रमाणात एसबीएस नावाचे रबर मिसळणे. त्याचा प्रत्येक रेणू म्हणजे लांब साखळी. दोन्ही टोकांना कडक पॉलिस्टायरीन, मध्ये लवचीक रबर. दोघांचे पटत नाही, पण एकाच जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे, सुटून जाताही येत नाही. मग टोके टोकांजवळ जमतात आणि रबरात कडक गाठी तयार होतात. शुद्ध एसबीएसमध्ये त्या ९० अंशांच्या पुढे जाईपर्यंत घट्ट राहतात. जास्त तापवले की सैल पडतात, निवताच पुन्हा बांधल्या जातात.

या गाठी साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. त्या ओळखाव्या लागतात क्ष-किरणांच्या विखुरण्यावरून. रचनेतले अंतर जितके मोठे, तितका विखुरण्याचा कोन लहान. आपल्या कापसाच्या तंतूत सेल्युलोजचे थर ०.३९ नॅनोमीटर अंतरावर असतात. प्रयोगशाळेतले नेहमीचे क्ष-किरण त्यांच्यावरून सुमारे २३ अंशांनी वळतात. गाठींमधले अंतर ३० नॅनोमीटर असेल, तर वळण अवघे ०.३ अंश! तीन मीटर दूरच्या पडद्यावर मधल्या ठिपक्यापासून जेमतेम दीड सेंटीमीटर. त्यामुळे मधला प्रखर झोत धातूच्या तुकड्याने अडवावा लागतो, नाहीतर सारे त्यातच झाकोळते.

पडद्यावर उमटलेल्या कड्यांच्या त्रिज्या १, २, ३ अशा प्रमाणात असल्या तर आत थर आहेत, १, १.७३, २ अशा असल्या तर षटकोनी मांडणीतल्या कांड्या. न कापता, न फोडता आतली मांडणी कळते, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ यंत्रावर अशा मोजमापाची सोय आहे. तिथला झोत इतका प्रखर की नमुना तापवता-निववताना रचना कशी बदलते तेही टिपता येते.

डांबरात मात्र गोष्ट गुंतते. रबर डांबरातले तेलकट घटक शोषून फुगते, आणि नीट मिसळले नसेल तर टाकीत वर येऊन वेगळे होते. भारतीय मानक आयएस १५४६२ मध्ये यासाठी चाचणी आहे: डांबर गरम नळीत ठेवून वरचा आणि खालचा भाग किती तापमानाला मऊ पडतो हे ताडून पाहतात. तुमच्या गावच्या रस्त्यात असे डांबर वापरल्याचे कोणी सांगितले, तर त्या चाचणीचा आकडा जरूर विचारा.